पावणा आणि मामांची बोटं

माझ्या आयुष्यात मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे एका यंत्राने केलेला उद्धटपणा. ते यंत्र मीच घडवलं होतं, आणि त्या उद्धटपणाबद्दल त्याचे कानही मीच उपटले होते. त्यामुळे ही हकीकत सांगताना मला लाज वाटणार आहे. वाटू दे. आभार मानायला मी आधीच पुष्कळ उशीर केला आहे.

मी हेमांगी पोवार. कोल्हापूरची, शिक्षणाने इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनियर, आणि कॉलेजात असताना स्नूकरची बऱ्यापैकी वाईट खेळाडू. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. ज्या लाकडी काठीने चेंडू मारतात ती क्यू. तिच्या टोकाला करंगळीच्या नखाएवढी चामड्याची गोल चकती चिकटवलेली असते, ती टिप. पावणेपाच फुटांच्या त्या काठीतला चेंडूला शिवणारा भाग तेवढाच. टिप फार कडक असली तर चेंडूवरून सरकते, फार मऊ असली तर मार खाऊन पसरते. चांगली असली तर चेंडू कुठे लागला, किती जोरात लागला, त्याला फिरकी मिळाली की नाही, हे सगळं काठीतून मागच्या हाताला कळतं. खेळाडू याला ‘फील’ म्हणतात, आणि त्यापुढे त्यांना काही सांगता येत नाही. पन्नास टिपांच्या डब्यात पाच बऱ्या निघाल्या तर नशीब, कारण चामडं म्हशीच्या पाठीवरून येतं आणि प्रत्येक म्हशीचं आयुष्य वेगळं गेलेलं असतं.

त्या पाच कोणत्या, हे सुभाषनगरातले दिनकर सातपुते सांगायचे. आम्ही त्यांना मामा म्हणायचो आणि गावातले जुने खेळाडू वस्ताद म्हणायचे. मामा मूळचे चपला करणारे. शाहूपुरीतल्या एका क्लबात गुण मांडणाऱ्या मार्करने कधीतरी टिप उडालेली क्यू त्यांच्याकडे आणली, मामांनी पायताणाच्या तळाचा एक तुकडा दामटून तिला बसवला, आणि त्या क्यूने खेळणारा माणूस दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आला. तिथून पुढे तीस वर्षं चपला मागे पडत गेल्या.

त्यांची पारख चार पायऱ्यांची होती. टिप शहाबादी फरशीवर टाकायची आणि आवाज ऐकायचा. मग अंगठ्याच्या नखाने दाबायची. मग ती लाकडाच्या एका दांडीला लावून चेंडूवर टकटक मारायची आणि दांडी अंगठा आणि दोन बोटांत धरून काय येतंय ते बघायचं. शेवटी खालच्या ओठाला टेकवायची, कारण चामड्यातला ओलावा ओठाला जितका कळतो तितका कशाला कळत नाही. मग निकाल. निकालाचे शब्द दोनच होते. “बोलती हाय”, नाहीतर “मुकी”.

२०३६ साली मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, “मामा, तुमची बोटं मला शिकायची आहेत. मला म्हणजे यंत्राला.”

मामांनी चामडं कापायची रापी खाली ठेवली. “बोटं दिऊन मी काय करू? नाक धरून बसू?”

पण त्यांनी दिली. आठ महिने, आठवड्यातले पाच दिवस. नुकतीच सेन्सरची एक फिल्म निघाली होती, केसाहून पातळ, बोटाला चिकटवली तर लावलीय हेही कळायचं नाही. ती कातडीपर्यंत येणारं प्रत्येक कंपन टिपून घ्यायची. टिप चेंडूला चिकटलेली असते ती जेमतेम सेकंदाचा हजारावा भाग. तेवढ्या वेळात जे काय व्हायचं ते होतं, चेंडू निघून जातो, आणि मग त्या भेटीची थरथर काठीतून हातापर्यंत येते. आपल्या बोटांच्या कातडीखाली कांद्यासारख्या पापुद्र्यांच्या बारीक गाठी असतात. सेकंदाला दोन-तीनशे वेळा होणारी थरथर त्यांना सगळ्यात चांगली कळते. त्या ती मज्जातंतूकडे देतात, मज्जातंतू मेंदूकडे, आणि मेंदू म्हणतो, बोलती हाय. म्हणजे हाताला कळतं तेव्हा चेंडू कधीच गेलेला असतो. जे कळतं ते पुढच्या फटक्याच्या कामाचं.

माझ्या यंत्रात एक छोटी हातोडी होती, एक चेंडू आणि एक दांडी. ते टिप मारून तिचं कंपन मोजायचं, आणि असल्या कंपनाला मामांनी काय म्हटलं असतं ते सांगायचं. हिरवा दिवा म्हणजे बोलती, लाल म्हणजे मुकी. चार हजारांवर टिपा मामांनी त्याला दाखवल्या. मामा त्याला पावणा म्हणायचे, कारण ते त्यांच्या दुकानात बसून विजेचं जेवायचं आणि न विचारता मत द्यायचं. खंडेनवमीला त्यांनी आपली हत्यारं पुसून, पिवळ्या फडक्यावर मांडून, झेंडू वाहून पूजली, तेव्हा मी विचारलं, “पावण्याला नाही का मांडत?”

“पावण्याला पाट मांडत्यात. हत्यारात बसवत न्हाईत,” मामा म्हणाले.

त्या दिवाळीपर्यंत शंभरातल्या शहाण्णव टिपांवर दोघांचं एकमत होऊ लागलं. मग देशभरातले खेळाडू पावण्याचा हिरवा दिवा मिळालेली टिप मागू लागले, आणि डबीवर नाव असायचं सातपुते. मामा ती डबी उलटीपालटी करून बघायचे आणि खिशात ठेवायचे.

सव्वा वर्ष छान गेलं. मग २०३८च्या फेब्रुवारीपासून पावणा वाकड्यात शिरला. शहाण्णवावरून त्र्याण्णव, जूनपर्यंत अठ्ठ्याऐंशी. जुलैमधल्या एका सकाळी मी दुकानात होते. सांगलीचा एक खेळाडू टिपेसाठी येऊन बसला होता. मामांनी एक टिप फरशीवर टाकली, दाबली, वाजवली, ओठाला लावली. पुन्हा एकदा ओठाला लावली. “बोलती हाय,” म्हणाले.

पावण्याने लाल दिवा लावला.

“कान साफ कर म्हणावं त्याला,” मामा म्हणाले आणि टिप पुन्हा ठेवली. पुन्हा लाल. तिसऱ्यांदाही लाल. सांगलीकर हसला. तो काही वाईट हसला नाही, साधं गंमत वाटल्यासारखं हसला. मामा मात्र हसले नाहीत. त्यांनी टिप तळहातावर घेऊन खूप वेळ बघितली, उजवा हात दोनदा झटकला आणि म्हणाले, “पावण्याला उतारवय लागलं वाटतं.”

मी “हो ना” म्हणाले. तेवढ्यात चहा आला. मामांनी नुकताच ओतलेला वाफाळता ग्लास उजव्या हातात सरळ धरला आणि धरून ठेवला. माझ्याच्याने माझा ग्लास धरवत नव्हता. मला वाटलं, कामाने राठ झालेली बोटं. कौतुकच वाटलं.

दुपारी शिरोलीच्या माझ्या वर्कशॉपमध्ये जाऊन मी पावण्याचे कान उपटले. म्हणजे त्याला अशी सोय करून दिली की मामांचा निकाल आणि त्याचा निकाल वेगळा आला तर मामांचा खरा धरायचा आणि स्वतःला त्याप्रमाणे रोज सुधारायचं. वहीत कारण लिहिलं, ‘सेन्सर जुने झाले असावेत’. सेन्सर तपासून बघितले का? नाही. तपासले असते आणि ते ठीक निघाले असते तर मग काय करायचं, हा प्रश्न मला नको होता. आमच्या गावात वस्ताद चुकला असं तोंडावर कुणी म्हणत नाही. तालमीत म्हणत नाही, गाण्यात म्हणत नाही, मी तरी कशी म्हणणार? ज्या माणसाने आठ महिने माझ्यासाठी बोटं दिली, त्याला एका दिव्याने परक्या माणसासमोर तीनदा खोटं पाडलं होतं. मी दिवा गप्प केला.

ऑगस्टमध्ये एकमत सत्त्याण्णवावर गेलं. मामांनी मला घरचा भडंग पाठवला. “पावणा सुदारला बग,” म्हणाले. दोघंही आता हातात हात घालून चुकत होते, आणि हे फक्त एका माणसाला कळत होतं.

ती तस्नीम मुल्ला. सव्वीस वर्षांची, राज्याची विजेती, आणि लहानपणापासून मामांनी निवडलेल्या टिपेशिवाय दुसरी न वापरणारी. डिसेंबरात इंदूरला आशियाई स्पर्धेच्या संघातली एक जागा ठरायची होती. निर्णायक फ्रेममध्ये, म्हणजे शेवटच्या डावात, तिला निळा चेंडू जाळीत घालून पांढरा मागे खेचायचा होता. असा फटका ती झोपेतही मारते. तिने पांढऱ्याला खाली मारलं आणि टिप सरकली. जागा दुसऱ्या मुलीला गेली.

दोन दिवसांनी ती शिरोलीला माझ्याकडे आली. कोल्हापूरच्या पोरींसारखी ती ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलते. “ताई, माझा हात तपासा. हात आखडतोय माझा. मी परत बघतो सगळं पहिल्यापासून.”

मी तिचा हात नंतर बघू म्हटलं आणि आधी क्यूची टिप काढून माझ्याकडच्या जोड पावण्याखाली ठेवली; दुकानातला रोज जे शिकायचा ते यालाही पोचायचं. हिरवा दिवा. मी टिपेकडे पाहिलं. एका बाजूने ती पालथ्या वाटीसारखी चकचकीत झाली होती, सरकू नये म्हणून टिपेला लावतात तो खडू धरतच नव्हती. मला माझी स्वतःची वहीतली ओळ आठवली. कपाटात पावण्याची पहिली प्रत होती, २०३६च्या दिवाळीतली, जिला त्यानंतर कुणीही काही शिकवलेलं नव्हतं. मी ती काढून टेबलावर मांडली. टिप ठेवली. लाल.

“तुझ्या जुन्या टिपा आहेत?”

खेळाडू जुन्या टिपा टाकत नाहीत. तस्नीमने तपकिरीची एक डबी काढली. आत कागदाच्या पुड्या, प्रत्येकीवर तारीख. दोन वर्षांतल्या अकरा टिपा. मी एकेक ठेवत गेले. पहिल्या पाच हिरव्या. मग एक लाल, एक हिरवी, आणि शेवटच्या चार सगळ्या लाल.

तस्नीम दिव्याकडे बघत नव्हती, खिडकीकडे बघत होती. मला तेव्हा कळलं.

“तुला माहीत होतं,” मी म्हणाले.

“सहा महिने झाले.” तिने डबीचं झाकण लावलं. “काय सांगणार होतो मी, ताई? बारा वर्षांचा होतो तवा क्लबात मला टेबल देत न्हवते. पोरगी हाय म्हणून. मामा रोज दुकान बंद करून माझ्या शेजारी तासभर नुसते बसायचे. काही बोलायचे न्हाईत, बसायचे. मग टेबल मिळाय लागलं. त्या माणसाला जाऊन म्हणू, तुमची टिप मुकी हाय?”

“आणि जागा गेली त्याचं काय?”

“जागा पुढच्या साली बी असती,” ती म्हणाली. मग रडली.

ती गेल्यावर मी पहिल्या प्रतीसमोर बसले आणि मामांचे गेल्या वर्षातले, पायरीपायरीने नोंदलेले सगळे निकाल तिच्याशी ताडून पाहिले. मामांच्या चुका सरसकट नव्हत्या. फरशीवरच्या आवाजात ते एकदाही चुकले नव्हते. ओलाव्यात तर नाहीच. चुका होत्या त्या सगळ्या तिसऱ्या पायरीच्या, दांडी बोटांत धरून बघण्याच्या. आणि मामा कामाला बसताना अजूनही बोटांवर लावायचे त्या फिल्मची नोंद सांगत होती की कातडीपर्यंत येणारं कंपन पूर्वीसारखंच येत होतं. बाहेर काही बिघडलं नव्हतं, म्हणजे जे बिघडलं होतं ते कातडीच्या आत होतं. दोनदा ओठाला लावणं, हात झटकणं, वाफाळता ग्लास, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. पावणा उद्धट नव्हता. तो मामांच्याच जुन्या बोटांनी मामांना सांगत होता की तुमचं काहीतरी हरवतंय. मी त्याला गप्प केलं होतं पाच महिने.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गेले. वाटेत चार वाक्यं घोकली होती, ती दारातच विसरले. सरळ म्हणाले, “मामा, पावणा बरोबर होता. मी त्याला तुमच्यासारखं बोलायला लावलं. तस्नीमची टिप मुकी होती. तुमच्या उजव्या हाताला काहीतरी झालंय.”

मामांनी चामड्याचा तुकडा डाव्या हाताने चाचपला. मग म्हणाले, “मला म्हाईत हाय.”

“कधीपासून?”

“सात म्हैनं झालं आसंल. मुंग्या येत्यात. अंगठा आन ही दोन बोटं लाकडागत झाल्यात. मी म्हटलं, वय झालं.”

“मग सांगितलं का नाही कुणाला?”

“कुनाला सांगू? तुजं यंत्र माज्या बोटांवर उभं हाय. डबीवर माजं नाव हाय. बोटं गेली म्हटलं की तुज्याकडं कोन यील? पोरीनं एवडं केलंय, म्हटलं चालंल तवर चालवू.”

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि मी दोन्ही केलं. तस्नीम मामांसाठी गप्प होती, मी मामांसाठी गप्प होते, मामा माझ्यासाठी गप्प होते. एकमेकांना इतका मान देत होतो की त्या मानापायी एका माणसाचा हात जात होता. ज्याला मान देता येत नव्हता तो एकटा पावणाच तेवढा खरं बोलला होता.

हाताचे डॉक्टर शिरगुप्पे यांनी मामांना पहिला प्रश्न विचारला, “हात झटकावासा वाटतो का?” मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांनी करंगळीला टाचणी टोचली, मामा कळवळले. अंगठ्याला टोचली, मामा म्हणाले, “टोचा की.” ती आधीच टोचलेली होती.

मनगटात हाडं आणि एक जाड पट्टा यांच्यामधून एक चिंचोळी वाट जाते, असं डॉक्टरांनी समजावलं. तिच्यातूनच अंगठा आणि पहिल्या दोन बोटांचा मज्जातंतू जातो. चाळीस वर्षं रापी आवळून धरल्याने पट्टा जाड झाला होता आणि तंतू चेपला जात होता. पट्टा कापला की तंतू मोकळा होतो. “पण आणखी सहा महिन्यांनी आला असता तर मोकळा करूनही काही परत आलं नसतं,” ते म्हणाले. “आता येईल. किती, ते सांगता येत नाही. तंतू वाढतो दिवसाला साधारण एक मिलिमीटर.”

मी त्यांना एकमताचा उतरता आलेख दाखवला. त्यांनी उतार सुरू होतो तिथे बोट ठेवलं. “हे फेब्रुवारीत सुरू झालं? तेव्हा यांना मुंग्यासुद्धा नसतील. आमच्या तपासणीत काही निघालं नसतं तेव्हा.” आज शिवणकाम करणाऱ्या, वाजवणाऱ्या, शस्त्रक्रिया करणाऱ्या माणसांच्या बोटांची अशी पहिली प्रत काढून ठेवतात आणि वर्षाला ताडून बघतात, ते त्या आलेखापासून सुरू झालं. मला त्याबद्दल पुरस्कार मिळालाय. तो घेताना मी वहीतली ती ओळ वाचून दाखवली, सेन्सर जुने झाले असावेत.

जानेवारीत शस्त्रक्रिया झाली. बाहेर आल्यावर मी मामांना म्हणाले, “पाच महिने माझ्यामुळे गेले.”

“आन सात म्हैनं माज्यामुळं,” मामा म्हणाले. “माजं जास्ती हाय. तू कशाला मदीच पुढं पळालीस?”

मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत मामांचा तंतू एकशे सत्तर मिलिमीटर. म्हणजे सहा महिने. तेवढे दिवस मामांनी काय करायचं? डॉक्टर म्हणाले, बोटांना पुन्हा शिकवायचं. तंतू परत वाढतो तेव्हा त्याच्याकडून येणाऱ्या खुणा मेंदूला ओळखीच्या वाटत नाहीत, त्या ओळखायला शिकवाव्या लागतात. मामांना कोण शिकवणार, त्यांच्याहून मोठा पारखी कोण? शोधायची गरजच पडली नाही. पहिली प्रत मी शिरोलीहून आणून दुकानात मांडली.

रोज सकाळी मामा डोळे मिटून दांडी बोटांत धरायचे, टिप वाजवायचे, निकाल सांगायचे, मग डोळे उघडून दिवा बघायचे. पहिल्या महिन्यात शंभरातल्या चोपन्न. नाणेफेक केली असती तरी पन्नास आल्या असत्या. मामा चिडायचे, पावण्याला शिव्या घालायचे आणि पुन्हा धरायचे. उजव्याने जमेना तेव्हा डाव्याने धरायचे. फरशीवरचा आवाज दहा-दहा वेळा ऐकायचे. मेमध्ये एकाहत्तर. जूनमध्ये एकदा त्यांनी माझ्या देखत चहाचा ग्लास उचलला आणि हात मागे घेतला. “भाजतंय की,” म्हणाले. असं भाजल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी पाहिला नाही.

सप्टेंबरात पंच्याण्णव झाले. आणि त्यानंतर दोन आठवड्यांत नव्वदावर आले.

हा आलेख मी आधी एकदा बघितला होता. तंतू पुन्हा चेपला जातोय का? या वेळी मी यंत्राला हात लावला नाही. त्याच संध्याकाळी जाऊन मामांना आकडा सांगितला.

मामांनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांवर घासून पाहिली. “मला तर सगळं लागतंय. पावणा चुकतोय का मी, कसं कळायचं?”

“मलाही माहीत नाही.”

“तस्नीमला बोलीव,” मामा म्हणाले.

ज्यांवर दोघांचं पटलं नव्हतं अशा पाच टिपा आम्ही काढल्या. मामांनी रोज एक तिच्या क्यूला बसवली. कोणती कुणाला बोलती वाटली होती ते तिला सांगितलं नव्हतं. दिवसभर त्या टिपेने खेळायचं आणि कागदावर एकच शब्द लिहायचा. पाचव्या दिवशी, खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी, ती पाच कागद घेऊन दुकानात आली आणि वाचत गेली. मी ताडत गेले. मामा रापी पुसत असल्याचं सोंग करत होते.

“तीन मामांच्या,” मी म्हणाले. “दोन पावण्याच्या.”

तीन कशामुळे ते मला कागद बघतानाच कळलं. पावण्याकडे होती ती मामांची २०३६ सालची बोटं. शस्त्रक्रियेनंतरचे आठ महिने मामा डाव्या हाताने, कानाने, ओठाने शिकत होते, आणि वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी ते त्या बोटांच्या पुढे गेले होते. हात बिघडत नव्हता. मामा वाढले होते.

तस्नीमचा चेहरा मात्र त्या दोनांवर अडकला होता. “मामा, त्या दोन मी उद्या परत मारून बघतो,” ती म्हणाली. “घाईत लिवलं आसंल मी.”

“घाईत लिवलंस?” मामांनी विचारलं.

मी तिच्याकडे बघितलं नाही, मला तिला काही सुचवायचं नव्हतं. समोरच्या भिंतीवर लटकवलेल्या चपलांच्या जोड्या मी मोजत राहिले.

“न्हाई,” ती शेवटी म्हणाली. “पाच-पाच तास खेळलोय. त्या दोन मुक्याच हायत, मामा. तुमचं चुकलंय.”

मामांनी त्या दोन टिपा तिच्याकडून मागून घेतल्या आणि तळहातावर ठेवल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत. “चांगलं झालं बाळा,” ते म्हणाले. “तू ह्या दोन मुक्या म्हटलीस, म्हणून त्या तीन बोलत्या हायत आसं मला वाटाय लागलं. न्हाईतर तू माजं मन राकाय म्हणालीस आसंच धरलं आस्तं मी.”

तीनपैकी सगळ्यात चांगली टिप त्यांनी तिथेच बसून तिच्या क्यूला लावली. निवडीचे सामने पुढच्या महिन्यात होते.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमीला मी सकाळी दुकानात गेले. पिवळ्या फडक्यावर रापी, आरी, ऐरण, दामटायचा दगड, सगळं पुसून मांडलेलं होतं. बाजूला पाट होता, आणि पाटावर पावणा, दिव्यांच्या वर कुंकवाचं बोट लावलेला. हत्यारांच्या पुढे विड्याचं पान होतं आणि पानावर त्या दोन मुक्या टिपा, त्यांच्यावर झेंडूची एकेक पाकळी.

हाताला कळतं तेव्हा चेंडू निघून गेलेला असतो, हे मी मामांच्याच बोटांवरून मोजलं होतं. माझंही तसंच झालं. त्या पाच महिन्यांत, त्यांच्या आधीच्या आठ महिन्यांत, मी टुकार खेळाडू असताना या माणसाने माझ्या क्यूला चौदा वेळा टिप बसवली त्या सगळ्या वर्षांत, जे मिळत होतं ते मला मिळून गेल्यावर कळलं. मी वाकून मामांच्या पायाला हात लावला आणि म्हणाले, “मामा, तुमच्यामुळे…”

मामांनी माझा हात उचलला आणि माझी बोटं आपल्या उजव्या अंगठ्यात आणि दोन बोटांत धरली, टिप धरतात तशी. जरा दाबून पाहिली.

“बोटं गार पडल्यात तुजी,” ते म्हणाले. “च्या घे आदी.”